परीचा दोर

१२ मार्च ९५, रविवार

ठरलं. यंदा जत्रेच्या नाटकात परी मी.

मारुतीच्या पारावर मीटिंग होती. आम्ही बायका देवळामागच्या ओट्यावर. तिथून ऐकू सगळं येतं, दिसत काही नाही. कमिटीचे भाऊसाहेब म्हणाले, दर साली नगरहून बाई आणतो तशी आणू, त्यात काय बोलायचं. तर बनसोडे सर उठले. हायस्कुलात मराठी शिकवतात. नाटक त्यांनीच लिहिलंय, चाली त्यांच्या, पेटीवरही तेच बसणार, त्यामुळे त्यांना गप्प बसवता येत नाही. म्हणाले, "परीला निम्म्याहून जास्त गाणी आहेत. नगरची बाई आदल्या दिवशी येणार, ती काय गाणार? बालवाडीच्या मंगलताई रोज गातात, अख्खी गल्ली ऐकते."

भाऊसाहेबांनी माझ्या सासऱ्यांना विचारलं, "तात्याबा, सून तुमची. बोला." मामा बोलले नाहीत. वहाणा घातल्याचा आवाज आला, पारावरून उतरल्याचा आला. भाऊसाहेब म्हणाले, "न्हाई म्हनले न्हाईत, म्हंजी व्हय." टाळ्या. अशी झाली माझी निवड.

गावच्या सुनेनं स्टेजवर उभं राहायचं हे आमच्याकडं आजवर झालेलं नाही. आमचे हे कारखान्यातून आले, त्यांना वाटेतच कळलं होतं. "झालं आता," म्हणाले. काय झालं ते सांगेनात. मी मात्र भांडी घासताना गुणगुणत होते. लग्नाआधी गॅदरिंगला गायले होते, त्यानंतर बालवाडीची पोरं सोडली तर कुणापुढं नाही.

१४ मार्च

मामांचं मत कळलं. सांगितलं आत्यांना, पण मी चुलीपुढं असताना अन् मला ऐकू जाईल अशा बेतानं. "गावाला गानं ऐकवाया न्हवती आनली तिला."

आत्या म्हणाल्या, "मग पारावर का न्हाई बोलला?" सासूबाईंचं हे मला आवडतं, नवऱ्याला सोडत नाहीत.

सासरा म्हणून हा माणूस कसा, हे मला नऊ वर्षांत ठरवता आलेलं नाही. कधी आवाज चढवला नाही. सोनी झाली तेव्हा सगळे "मुलगीच का" म्हणून बसले होते, तर मामा राहुरीला जाऊन पेढे घेऊन आले. आणि हेच नाराज झाले की आठवडाभर घरात नुसते खाकरतात. बोलले तर भांडता येतं. खाकरण्याशी काय भांडणार?

नाटक करणार आहे. लिहून ठेवते, म्हणजे मागं फिरता येणार नाही.

१९ मार्च, रविवार

शाळेच्या पटांगणात तालीम. गोष्ट सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलीच. राक्षसाचा जीव पोपटात, पोपट सात समुद्रांपलीकडं, राजपुत्र दगड होऊन पडलेला, मग परी उडत जाते अन् पिंजरा उघडते. पण सरांना नुसतं सांगायचं नाही, दाखवायचंय. समुद्र म्हणजे निळ्या साड्या, दोन्ही बाजूंनी पोरींनी हलवायच्या. राक्षसाच्या डोळ्यांत सायकलच्या डायनामोचे दिवे. राक्षस म्हणजे दूध डेअरीचे सेक्रेटरी. जाळ काढायला मशालीवर राळ फेकायची, तर पहिल्याच दिवशी मिशीची एक बाजू गेली. दुसरी त्यांनी स्वतः काढली. आता राक्षस गुळगुळीत आहे.

आणि परी खरोखर उडणार! सागाच्या बल्ल्यांचा सांगाडा, वर चाक, चाकावरून दोर पडद्यामागं, दुसरं टोक माझ्या पाठीच्या पट्ट्याला. सरांना चाक हवं होतं विहिरीवरच्या मोटेचं, मोठं, लाकडी. तसं गावात आता एकच आहे, आमच्याकडं. कॅनॉल आला, मग पाण्याच्या मोटारी आल्या, लोकांनी मोटेची चाकं चुलीत घातली. मामांनी तेल देऊन गोठ्यात टांगून ठेवलंय.

कमिटी मागायला आली. मला वाटलं, आता नाही म्हणतील. निदान तोंडानं तरी म्हणतील. मामा म्हणाले, "चाक देतो. पर दोर माझ्या हातात राहील. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई."

भाऊसाहेब खूश. तरुणपण मोटेवर काढलेला माणूस आयता मिळाला. मला काही कळेना. ज्याला मी स्टेजवर नको, तोच मला वर ओढणार.

२४ मार्च

सरांनी उडायचं गाणं दिलं. शब्द साधे, एकेक समुद्र मागं टाकत जाणारे. चाल मात्र कुठंतरी ऐकल्यासारखी. ओळ हळूहळू चढत जाते आणि शेवटचा सूर लांब, दम संपेपर्यंत ओढायचा. कुठली चाल, विचारलं. "आमच्या आजोबांच्या तोंडची," म्हणाले. त्यांचे आजोबा जन्मभर लोकांच्या मळ्यात राबले. सर एवढंच बोलले आणि पेटीचा भाता ओढायला लागले.

संध्याकाळी पीठ मळताना मी ते गाणं म्हणत होते. ओट्यावरचं मामांचं खाकरणं थांबलं. मी म्हणते तोवर थांबलेलंच होतं.

२८ मार्च

उडाले. उडाले. उडाले.

पट्टा काचतो, आत गोधडीची घडी घातली तरी काचतो. मरू दे. वर ओढायला मामांच्या हाताखाली हे आणि एक गडी. मी वर पोचले की ते दोघं धूर करायला पळतात, मग दोर मामांच्या एकट्याच्या हातात. बाभळीच्या खुंटाला एक वेढा अन् टोक मुठीत. खुंटाला गाठ मारून टाकली तर मी नुसती टांगलेली दिसते, खाटकाच्या दुकानातल्या बकऱ्यागत. थोडं सैल, थोडा ताण, असं होत राहिलं तरच परी उडतेय असं वाटतं.

मामा यायच्या आधी गड्यानं करून पाहिलं. हिसके. जीभ चावली. मग मामांनी येऊन त्याच्या हातातून दोर घेतला. एक हिसका नाही. वरून मला त्यांची फक्त टोपी दिसते. ते वर बघत नाहीत. सून टांगलीय, पाय उघडे, सासऱ्यानं वर कसं बघायचं? खाली दोराकडं बघतात आणि कान गाण्याकडं. गाणं चढलं की मी चढते, उतरलं की उतरते. सर म्हणाले, "तात्याबा, तुम्ही तर साथीला बसलात." मामांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण आवडलं त्यांना, मला टोपीवरून कळलं.

वरून शाळेची कौलं दिसतात, पलीकडं ऊस. इतकी वर्षं याच गावात आहे, असं कधी पाहिलं नव्हतं. खाली उतरल्यावर हसू थांबत नव्हतं.

१ एप्रिल, पाडवा

जामखेडहून आत्यांचे भाऊ आले सणाला. पंगत बसली. पहिली पोळी संपायच्या आत पाव्हणे म्हणाले, "दाजी, सुनेला टांगायलात म्हनं स्टेजवर?" मग स्वतःच हसले. "आमच्याकडं तमाशाचा फड येतंय तवा बाई कुनाची हाय ते कुनी इचारत न्हाई. तुमच्या गावाला बरं, बसल्या जागी समदं ठावं. घर, आडनाव, सासरा."

हे ताटात बघत राहिले. आत्या म्हणाल्या, "दादा, आमटी घे." मामा अर्धी पोळी ताटात ठेवून उठले. सणाच्या दिवशी. हात धुताना त्यांचा चेहरा पाहिला मी. तसा पूर्वी पाहिला नव्हता.

माझीही पोळी गेली नाही. पाव्हण्यांना मात्र तीन गेल्या.

२ एप्रिल, रविवार

पडले.

४ एप्रिल

डावा पाय मुरगळलाय, हनुवटीला टाके. राहुरीत फोटो काढला, हाड शाबूत. हात धड आहे म्हणून लिहितेय.

काय झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर लोकांचं ऐकून माझं मलाच वेगळं आठवायला लागेल. उडायच्या गाण्याची शेवटची ओळ. शेवटचा सूर ओढला, छान लागला होता. सूर संपला आणि दोर गेला. हिसका नाही, कुरकुर नाही. सरळ गेला. खाली साड्यांच्या समुद्राखाली उसाचं पाचट पसरलेलं होतं म्हणून वाचले.

पडल्या पडल्या पडद्याच्या फटीतून मामा दिसले. खुंटापासून मागं सरकून उभे. पंजे उघडे. दोर जमिनीवर. आणि माझ्याकडं बघत होते, पहिल्यांदाच.

तुटला नाही दोर. तपासला सगळ्यांनी. सुटला.

५ एप्रिल

गावाचं ठरलंय. म्हाताऱ्यानं सोडली.

बायका पाय बघायला येतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "तुझ्या सासऱ्याच्या मनात न्हवतंच ना पयल्यापासून?" तेवढ्यात आत्या चहा घेऊन आल्या की विषय उन्हाळ्यावर जातो.

मामा मळ्यातच झोपतात. डबा जातो. हे वडलांची बाजू घेतात, "दादा आसं करनार न्हाईत." मी म्हटलं, मग विचारा त्यांना. "बापाला आसं इचारत्यात व्हय?" बरं, मग मी विचारते. तर कूस बदलून झोपले.

खरं लिहायचं तर मलाही वाटतं. पाडव्याचा तो चेहरा मी पाहिलाय. जिवावर उठले असं नाही. पण "पुरे झालं आता, उतर खाली" असं मनात आलं असेल, आणि मनात आलेलं हातात उतरलं असेल. नऊ वर्षं ज्यांच्या ताटात वाढतेय त्यांच्याबद्दल हे लिहितेय. लिहायला नको होतं. पण आहे ते आहे.

७ एप्रिल

सर आले, बरोबर त्यांच्या मिसेस, संत्री घेऊन. बराच वेळ पायाचीच चौकशी. मग सर म्हणाले, "ताई, मला वाटतं हे त्या चालीनं झालं."

चाल मोटेवरची आहे. त्यांचे आजोबा लोकांच्या विहिरीवर मोट हाकताना म्हणायचे. ओळ चढत जाते तोवर बैल उतारानं पुढं जातात, भरलेली मोट वर येते. शेवटचा सूर लांबवायचा, तेवढ्यात मोट रिकामी होते. सूर संपला की दोर सैल सोडायचा, बैल मागं सरकवायचे, मोट पुन्हा विहिरीत. "या भागात सगळे हेच म्हणायचे. तात्याबांचा हात त्या सुरावर कितीदा सुटला असेल, त्यांनाही सांगता येणार नाही. त्यात ते वर बघत नाहीत. नुसतं कानावर काम. बघितलं असतं तर दिसलं असतं ना, वर मोट नाही, सून आहे."

मी रडायला लागले. सरांच्या मिसेसना वाटलं पाय दुखतोय.

खुंटापासून मागं सरकून उभे होते. बैल मागं घ्यायला! असंच असणार. असंच आहे. आज पोटभर जेवले.

९ एप्रिल, रविवार

सरांनी सगळ्यांसमोर सिद्ध करायचं ठरवलं. पट्ट्याला माझ्याऐवजी ज्वारीचं पोतं. मामांना निरोप पाठवून बोलावलं. कशासाठी ते आधी सांगायचं नव्हतं, पण गावात काही सांगावं लागत नाही. पटांगण भरलेलं.

पोतं वर गेलं. मी खाली खुर्चीवर बसून गायले. शेवटचा सूर ओढला. मनातल्या मनात मारुतीला नारळ बोलले, सुटू दे, पोतं सुटू दे.

नाही सुटलं. पुन्हा गायले. पुन्हा. दोर जागचा हलला नाही. मामा सगळा वेळ वर पोत्याकडं बघत होते. सुनेकडं बघता येत नाही, पोत्याकडं बघायला काय हरकत.

भाऊसाहेब म्हणाले, "मास्तर, तुमचं शास्तर पोत्याला लागू न्हाई." लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "पोत्यावर कशाला राग धरत्याल?" मामांना ऐकू गेलं. पोतं हळूहळू उतरवलं, अलगद टेकवलं, दोराची नीट गुंडाळी केली आणि मळ्याकडं गेले.

सर म्हणतात, ते सावध होते, वर बघत होते, म्हणून. असेल. पण परवाचं ते "असंच आहे" आज लिहिता येत नाही.

११ एप्रिल

भाऊसाहेब घरी. एक तर नगरची बाई बोलवू. ती उडणार नाही, समुद्र चालत ओलांडेल. नाहीतर दोरावर दुसरा माणूस. "तुमी म्हनाल तसं, सूनबाई." हे लगेच म्हणाले, "दुसरा मानूस घ्या."

यांना कळत कसं नाही? दुसरा माणूस घेतला की गावापुढं मीच सांगितलं, सासऱ्यानं सोडली. मामांना पुन्हा पारावर बसता येणार नाही. आणि नगरची बाई आली तर पुढं कुणाच्याच सुनेचं नाव कमिटीत निघणार नाही. उभी केली होती एक, पडली, असं म्हणतील.

आणि तोच माणूस ठेवला तर वर मी असणार.

"विचार करून सांगते," म्हटलं. "करा इचार," भाऊसाहेब म्हणाले, "पर जत्रा व्हायच्या आधी करा." वर चहात साखर कमी आहे असंही म्हणाले.

१४ एप्रिल

तालीम नाही. सर आज जयंतीच्या मिरवणुकीत, निळा फेटा बांधून. मिरवणूक आमच्या दारावरून गेली, मी ओट्यावरून हात केला, त्यांनीही केला.

पाय टेकता येतो आता. भाकरी घेऊन मीच मळ्यात गेले. मामा बाज विणत होते. भाकरी ठेवली. ते "हं" म्हणाले. मी शेजारच्या वाफ्यात मेथी खुडत बसले आणि मुद्दाम गाणं म्हणायला लागले, हळू, आपल्याच नादात असल्यासारखं. शेवटचा सूर ओढला आणि सोडला.

त्यांच्या हातातली सुतळी सैल झाली.

झाली का? वाकले होते. पुढचा पीळ घ्यायला सुतळी सैल करावीच लागते. पुन्हा म्हणावं तर त्यांनी मान वर केली आणि मी मेथीला हात घातला. मला दिसलं, की दिसावंसं वाटत होतं, देव जाणे.

मेथी कोवळी होती. जास्तच खुडली.

१५ एप्रिल, शनिवार

आत्या शिंगणापूरला जाऊन आल्या. "साडेसाती कुनाची हाय तेच कळंना, म्हून समद्यांच्या नावानं तेल घातलं." माझ्या, मामांच्या, यांच्या. जामखेडच्या भावाच्या नावानं घातलं का, विचारलं. "त्याला कशाला, त्यो सवताच शनी हाय," म्हणाल्या. त्या प्रकारानंतर घरात पहिल्यांदा हसलो आम्ही.

मग हात पुसता पुसता म्हणाल्या, "मंगल, मला सुदिक ठावं न्हाई गं. चाळीस वर्सं नांदले, तरी न्हाई ठावं." मला वाटत होतं यांना तरी माहीत असेल.

१७ एप्रिल

भाऊसाहेबांना सांगितलं. परी मी, दोर मामा.

हे भांडले. बरं झालं, एकदाचे भांडले. "पोरीचा इचार हाय का न्हाई तुला?" आहे. पोरीचाच आहे. उद्या ही कुणाची तरी सून होणार. ते म्हणाले, "भाषन नको." मी म्हटलं, मग दोर नीट ओढा.

सोनीनं विचारलं, "आई, तू पुन्हा उडणार?" हो म्हटलं. तिनं शेजारपाजारच्या सगळ्या पोरांना सांगून टाकलं. आता माघार घ्यायची तर आधी त्यांची समजूत काढावी लागेल.

मामांना निरोप यांनी नेला. परत आले ते जरा खुशीतच. "दादाच म्हनले, दुसरा मानूस बघा." ही कबुली आहे, का आणखी काही? मी म्हटलं, त्यांना सांगा, चढीन तर तुमच्याच दोरानं, नाहीतर नगरची बाई आणा. गेले बिचारे पुन्हा. संध्याकाळी मामा घरी जेवायला आले. खाली मान घालून जेवले.

१९ एप्रिल

चढले. पडल्यापासून पहिल्यांदा.

आधीसारखाच वर गेला दोर, लोण्यासारखा. पण मला कौलं दिसली नाहीत, ऊस दिसला नाही, नुसती टोपी दिसत होती. शेवटची ओळ आली आणि माझं तोंड मिटलं. सूर लावलाच नाही. पेटी एकटी वाजत राहिली. सुखरूप उतरले.

सर म्हणाले, "राहू द्या, शेवट बदलतो." लांब सूर काढून टाकला, ओळ मध्येच तोडली. नवा शेवट बसवला, त्यावर चढले-उतरले, काही झालं नाही. लंगडा शेवट आहे. परी पिंजऱ्यापर्यंत पोचतच नाही असं वाटतं. पण हे खूश, आत्या खूश. भाऊसाहेब म्हणाले, "परी धड उतरल्याशी मतलब, सुराचं कोन बघतंय?"

सर पेटीवर फडकं टाकत होते. आजोबांची चाल होती.

२१ एप्रिल

उद्या जत्रा.

नव्या शेवटावर मी पडणार नाही. आणि मग? गाव म्हणणार, चाल बदलली म्हणून वाचली. नाहीतर म्हणणार, सगळ्यांपुढं हिंमत झाली नाही म्हाताऱ्याची. मामा जातील एक दिवस आणि तरी म्हणत राहतील. मलाही कधी कळणार नाही. रोज वाढणार, रोज चहा देणार, आणि प्रत्येक वेळी त्या हातांकडं बघणार.

विचारायचं ठरवलंय. बापाला विचारत नाहीत, सासऱ्याला तर नाहीच नाही. पण वर मी जाते, हे नाही जात.

भीती वाटते. पडायची वाटते त्याहून उत्तराची जास्त.

२२ एप्रिल, शनिवार. जत्रा

दुपार. शाळेच्या खोलीत बसलेय, पंख शेजारी. कामट्या आणि चकचकीत कागद, हात लावला की कुरकुरतात. पालखी देवळाकडं गेली, गुलाल इथपर्यंत आलाय. जनरेटरचा आवाज कधीचा चालू आहे.

विचारलं.

मामा पडद्यामागं एकटेच होते, खुंटाभोवतीची माती ठोकून घट्ट करत होते. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी तुम्ही दोर सोडला का?" पहार थांबली. वाटलं आता खाकरतील. नाही खाकरले. खाली बघत म्हणाले, "मला ठावं न्हाई."

मग तेच बोलायला लागले. "डोस्क्यात राग हुता. पाव्हन्याचं बोलनं काय जाईना. तुझं गानं बी हुतं, लई वर्सांनी आसं कुनी म्हनलं. मोटंवरच हाय आसं वाटलं. का वाटलं न्हाई? कशानं सुटला हात, रोज इचारतो सवताला. मला ठावं न्हाई, पोरी. पोतं सुटलं आस्तं तर बरं झालं आस्तं."

राग आला मला. खूप आला. नाही म्हणायचं होतं त्यांनी, ठामपणे, खोटं का होईना. तेवढंही माझ्यासाठी करता येत नाही? तिथंच उभी राहिले. आणि मग लक्षात आलं की गावात सगळ्यांना ठाऊक आहे, सरांना ठाऊक आहे, भाऊसाहेबांना ठाऊक आहे. ठाऊक नाही म्हणणारे हे एकटेच. नऊ वर्षांत इतकं लांब माझ्याशी कधी बोलले नव्हते.

म्हटलं, "मामा, मी जुनाच शेवट म्हणणार आहे. पूर्ण."

"कशाला?"

"कळायला पाहिजे. तुम्हाला अन् मलाही."

"पडशील की."

"मग सोडू नका."

मामांनी पहार खाली ठेवली. मग दोराचं टोक उचललं, धोतरावरून कमरेभोवती फिरवलं आणि गाठ मारली. वर जोर लावून पाहिली. "हाताचं काय सांगू तुला," म्हणाले. "सुटला, तर मी बी फरफटत यीन."

"अन् वर बघायचं," म्हटलं. "दोराकडं नाही. माझ्याकडं."

दचकलेच. "सुनंकडं? समद्या गावाची जत्रा भरलीय."

"पडदा आहे ना मध्ये."

त्यांनी पुन्हा पहार उचलली. मी सरांकडं गेले. जुना शेवट, सांगितलं. त्यांनी "तात्याबांना माहीत आहे?" विचारलं. आहे. यांना सांगितलेलं नाही. हे धुराजवळ असतील, सूर ऐकू आला की कळेल.

आत्या पंख बांधायला येतायत, त्यांच्या बांगड्या वाजल्या. खिडकीतून मामा दिसतायत. माती ठोकून झालीय. दोर कमरेला तसाच, मान मागं टाकून वर रिकाम्या चाकाकडं बघत उभे आहेत. थोडा वेळ बघतात, मान खाली घालतात, कुणी पाहिलं नाही ना बघतात, पुन्हा वर करतात.